सबवूफर घुमतोय, काय करू? सारखे सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, जुने अँप्लिफायर आणि सबवूफर (नुसता खालचा, बेसचा आवाज काढणारा स्पीकर, थोडक्यात सब) उघडून बसायचा नाद आहे, आणि ओळखीत एकाचा सब गप्प केला की तो दुसऱ्या चार जणांना माझा नंबर देतो. गणपतीच्या आधी आणि दिवाळीत तर रोज कुणीतरी व्हॉईस मेसेज पाठवतंय ज्यात नुसतंच "घूंऽऽऽ" असतंय. तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. प्रश्न तुमचेच आहेत, थोडी भाषा नीट केली एवढंच.

१. दादा, गाणं बंद असलं तरी सबमधनं सतत घूं असा आवाज येतोय. हे नक्की असतंय काय?

आपल्या घरातली लाईट २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे. हे ५० किंवा त्याची दुप्पट १०० हर्ट्झ कुठनंतरी आवाजाच्या वाटेत घुसलं की सब ते इमानदारीनं वाजवतो, कारण त्याचं कामच ३०-४० पासून १००-१५० हर्ट्झपर्यंतचा आवाज काढायचं आहे. बारक्या स्पीकरला ५० हर्ट्झ धड वाजवताच येत नाही, त्यामुळं हा हम (या घूं आवाजाचं नाव) त्यांच्या वायरीत असला तरी तुम्हाला कळत नाही आणि सगळं खापर सबवर फुटतं. मिरजेचे तानपुरे घ्यायला लोक कुठनं कुठनं येतात, आणि हा तानपुरा फुकटात घरी वाजतोय तर नको झालाय, असं एकजण म्हणाला होता.

२. पहिल्यांदा काय बघू? माझ्याकडं मीटर वगैरे काही नाही.

मीटर लागत नाही. सबचा स्विच बंद करा, मागची सिग्नलची वायर (ती आरसीएची, म्हणजे मधे खिळा आणि बाहेर कडं असलेल्या गोल प्लगची, एव्हीआर म्हणजे होम थिएटरच्या अँप्लिफायरकडनं किंवा टीव्हीकडनं येणारी) सबच्या बाजूनं उपसून काढा, आता फक्त लाईटची वायर राहिली, आणि सब चालू करा. गप्प झाला तर सब चांगला आहे, रोग वायरीत नाहीतर पलीकडच्या कुठल्यातरी डब्यात आहे, प्रश्न ५ पासनं पुढं वाचा. तरी घुमतोय तर प्रश्न ३.

इथं एक गोची आहे आणि निम्मे लोक तिथंच फसतात. वायर सबला तशीच ठेवून दुसरं टोक एव्हीआरमधनं काढतात आणि म्हणतात बघा, अजून घुमतोय. अहो घुमणारच की! मोकळं टोक असलेली वायर म्हणजे अँटेना झाली, घरातल्या सगळ्या वायरिंगचा ५० हर्ट्झ ती गोळा करून सबला देणार. काढायची ती सबच्या बाजूनं.

आणि वायर काढताना घालताना सब बंदच पाहिजे. आरसीएच्या पिनमध्ये मधला खिळा आधी टेकतो आणि बाहेरचं कडं नंतर, त्या मधल्या क्षणात सब असा दणका देतो की स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर येतो का काय असं वाटतं.

३. वायर काढली तरी घुमतोयच. गेला का माझा सब?

गेला नाही, पण रोग आता त्याच्या पोटात आहे. सबच्या मागचा व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर आणा. शून्यावर हम गेला तर गडबड नॉबच्या आधी आहे, म्हणजे इनपुटचा जॅक, त्याचं सुटलेलं सोल्डर, नाहीतर खुद्द नॉबच. नॉब फिरवून काहीच फरक नाही पडला तर गडबड नॉबच्या नंतर, आणि तिथं बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे फिल्टर कॅपॅसिटर गेलेले असतात. जुने मिस्त्री त्याला कंडेन्सर म्हणतात, तेच ते.

लोकल बनवलेल्या होम थिएटरमध्ये (आत टीडीए २०३० नाहीतर ४४४० चा आयसी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, मुंबई नाहीतर पुण्याच्या मार्केटमधनं आलेला बोर्ड) हे सगळ्यात जास्त बघतो मी. २२०० किंवा ४७०० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कॅपॅसिटर असतात, ते आयसीच्या हीटसिंकला (गरमी काढणाऱ्या पत्र्याला) अगदी चिकटून बसवलेले असतात, मग उन्हाळ्यात ते भाजून निघतात आणि आतलं सुकतं. टोपी फुगलेली दिसली तर विषय संपला, पण न फुगताही गेलेले असतात हे लक्षात ठेवा. बदलताना मायक्रोफॅरड तेवढाच किंवा थोडा जास्त, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, कमी कधीच नाही, आणि उलटा लावला तर फुटतो, पट्टी असलेली बाजू मायनस.

स्वतः उघडणार असाल तर एक ऐका. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर भरलेला असतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या सबमध्ये ३०-४० व्होल्ट असतील, पण ज्यात जड ट्रान्सफॉर्मर नाही, एसएमपीएस (मोबाईल चार्जरसारखा हलका पॉवर सप्लाय) आहे, त्यात २३० चं डीसी होऊन ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेलं असतं. तो सरळ जाणत्या माणसाकडं द्या.

४. पन्नासचा हम आणि शंभरचा हम वेगळा असतो म्हणे. कानानं ओळखता येतो?

येतो, थोडी सवय लागते. मोबाईलमध्ये टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, हेडफोन लावा (मोबाईलच्या स्पीकरवर ५० ऐकूच येणार नाही), आधी ५० वाजवा मग १००. ५० हा ऐकू येण्यापेक्षा छातीत, फरशीत जाणवतो. १०० म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात, जरा "गूंऽ" असा स्पष्ट.

नुसता शुद्ध १०० असेल तर पॉवर सप्लाय, कारण रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) दोन्ही अर्ध्या लाटा घेतो म्हणून ५० चे १०० होतात. ५० असेल आणि त्यात थोडी खरखर पण असेल तर बाहेरनं आलेला, लूप (प्रश्न ५) नाहीतर वायर.

अपवाद सांगतो, मी स्वतः यात दोन संध्याकाळ घालवल्यात. सब एकटा, वायर काढलेली, कॅपॅसिटर नवीन, आणि हम ५० चा. कसं शक्य आहे म्हणून डोकं धरून बसलो. रेक्टिफायरच्या ब्रिजमधला एक डायोड उघडा झाला होता, म्हणजे आतनं तुटला होता, त्यामुळं अर्धीच लाट येत होती, आणि अर्धी लाट म्हणजे १०० नाही, ५०. दोन रुपयांचा डायोड.

५. ग्राउंड लूप ग्राउंड लूप म्हणतात ते काय असतंय? साध्या भाषेत सांगा काका.

एका रानात दोन विहिरी आहेत असं धरा. एकीतलं पाणी हातभर वर, दुसरीतलं हातभर खाली. जोवर त्या वेगळ्या आहेत तोवर काही नाही. तुम्ही मधनं पाईप टाकून दोन्ही जोडल्या की पाणी वाहायला लागणार, तुमची इच्छा असो नसो.

आता सबचा थ्री-पिन प्लग एका भिंतीच्या बोर्डाला, कॉम्प्युटर किंवा एव्हीआर दुसऱ्या भिंतीच्या बोर्डाला. दोन्हीकडचा अर्थ (जमिनीला जोडलेली अर्थिंगची तार) कागदावर एकच असला तरी प्रत्यक्षात थोड्या मिलिव्होल्टचा, कधी व्होल्टचा फरक असतोच, कारण त्या तारेला पण रेझिस्टन्स आहे आणि तिच्यातनं फ्रीज, मोटर, गीझर यांची थोडी थोडी गळती वाहत असते. तुम्ही आरसीएची वायर लावली की तिची बाहेरची जाळी म्हणजे मधला पाईप. अर्थची तार आणि ही जाळी मिळून जो गोल फेरा तयार होतो तोच ग्राउंड लूप, आणि जाळीतनं ५० हर्ट्झ वाहतो. आणि तीच जाळी सिग्नलची परतीची तार पण आहे, म्हणून सबला वाटतं हा पण गाण्याचाच भाग आहे.

६. आमच्या वायरमननं सबची अर्थ पिन मोडली आणि आवाज एकदम गेला. मग बरोबरच झालं की?

नाही नाही नाही. आवाज गेला हे खरं आहे, लूप तुटला म्हणून गेला, पण विहिरीला कठडा होता तो काढून टाकला तुम्ही. आपल्या प्लगची अर्थ पिन बाकी दोघींपेक्षा लांब का असते, तर प्लग घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर करंट त्या वाटेनं जमिनीत जातो आणि फ्यूज नाहीतर एमसीबी पडतो. पिन नसेल तर तो करंट आरसीएच्या बारक्या जाळीतनं एव्हीआरमध्ये, तिथनं टीव्हीत, आणि शेवटी ज्याचा हात लागेल त्याच्यातनं जाणार.

कॉलेजला असताना मी हेच केलं होतं, फुशारकी मारत. दीड वर्षानं पावसाळ्यात अँपच्या मागं हात घातला आणि खुर्चीसकट मागं पडलो. नशीब पायात स्लीपर होती. त्यामुळं या बाबतीत माझ्याशी वाद घालू नका, पिन मोडलेला प्लग आधी बदला, मग हमचं बोलू. लूप तोडायचाच असतो, पण सिग्नलच्या बाजूनं, त्यासाठी प्रश्न १५ आहे.

७. केबलची वायर सेट टॉप बॉक्समधनं काढली की सब गप्प होतो. केबलचा आणि सबचा काय संबंध?

फार मोठा संबंध, आणि बऱ्याच घरात खरा चोर हाच निघतो. केबलवाल्याची ती काळी वायर खांबांवरनं, गच्च्यांवरनं, मधल्या बूस्टरमधनं येते आणि तिची जाळी वाटेत कुठंकुठं टेकलेली असते. म्हणजे ती स्वतःचा वेगळा अर्थ घेऊनच तुमच्या घरात येते. सेट टॉप बॉक्स, मग एचडीएमआयनं टीव्ही, मग एव्हीआर, मग सब, झाला लूप पूर्ण. एचडीएमआय डिजिटल आहे म्हणून त्यातनं हम येत नाही असं लोक म्हणतात, पण त्याच्या वायरीत पण ग्राउंडची तार आणि जाळी आहेच.

यावर केबलच्या वायरीत लावायचा कोॲक्सचा आयसोलेटर (तारेची जोडणी तोडून नुसता सिग्नल जाऊ देणारी डबी) मिळतो, बॉक्सच्या अगदी आधी लावायचा.

डिश असेल तर मात्र तो लावू नका. छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतनं वर जातात, साधा आयसोलेटर ते अडवतो आणि चॅनेलच जातात. डिशवाल्यांनी टीव्हीचा आवाज एव्हीआरला ऑप्टिकल वायरीनं द्यावा, तिच्यात तांबंच नाही, नुसता उजेड जातो. पण टीव्ही ते एव्हीआर एचडीएमआय पण जोडलेली ठेवली तर ऑप्टिकलचा उपयोग शून्य, लूप तसाच राहतो.

८. आमच्याकडं टीव्ही, एव्हीआर, सब सगळंच टू-पिन आहे. अर्थ कुठंच नाही तर लूप कसला?

लूप नसेल, गळती असेल. टू-पिनच्या डब्यांत लाईटच्या बाजूपासनं बॉडीपर्यंत बारीक कॅपॅसिटर असतात, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये आपोआप तयार झालेली कॅपॅसिटी असते, त्यातनं अगदी थोडा करंट बॉडीवर येतो. म्हणून पत्र्यावर हाताची मागची बाजू हळूच फिरवली की मुंग्या आल्यासारखं, खरबरीत लागतं. मीटरनं बघितलं तर ६०-१०० व्होल्ट दाखवतो आणि लोक घाबरून फोन करतात, पण त्यामागं जोर नसतो, त्यावर बल्ब लावला तर लागणार नाही. मुंग्या नाही, झणका बसत असेल तर मात्र तो डबा वापरूच नका.

उपाय गमतीशीर आहे. टू-पिन प्लग काढून उलटा घाला. खरंच. फेज दुसऱ्या बाजूनं गेली की गळती कमी जास्त होते, एकेका डब्याचा प्लग उलटा करून बघा, ज्या जोडीला हम सगळ्यात कमी तशी ठेवा आणि प्लगवर पेननं खूण करा. त्यानं भागलं नाही तर वायरमनला सांगून एव्हीआरच्या पत्र्याच्या स्क्रूपासनं एक तार चांगल्या अर्थला जोडून घ्या. फक्त एकाच डब्याला. दोघांना वेगवेगळ्या बोर्डावरनं दिली तर प्रश्न ५ चालू.

९. बोर्डाला भोक तीन आहेत पण आत अर्थ आहे का नाही तेच माहीत नाही. कसं कळणार?

जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसरं भोक निव्वळ शोभेला असतं, त्यामुळं शंका रास्त आहे. हे वायरमनकडनंच बघून घ्या. तो टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावेल, बल्ब फेज-न्यूट्रलला लागतो तसाच पूर्ण लागला पाहिजे. मिणमिण लागला तर अर्थ नावाला आहे. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडेल, त्याला घाबरू नका, उलट अर्थ आहे आणि आरसीसीबी पण काम करतोय हे दोन्ही कळलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरनं एक-दोन व्होल्ट दिसणं चालतं, दहा-वीस दिसले तर काहीतरी सुटलंय.

उन्हाळ्यात हम वाढतो आणि पावसाळ्यात कमी होतो असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांचं बरोबर असू शकतं. जमीन सुकली की अर्थच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो. आमच्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि पट्टीपासनं सुटते, साताऱ्याकडं वर डोंगराच्या अंगाला मुरूम आणि कातळ, तिथं खड्डाच नीट खोल जात नाही. मीठ-कोळसा घातलेला जुना खड्डा असेल तर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

आणि एक पाप असतंय ते म्हणजे सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवलेले. वायर वाचवायला करतात. त्यानं अर्थच्या तारेतनं सगळ्या घराचा करंट फिरतो, हम तर येतोच, पण कुठं न्यूट्रल तुटला की सगळ्या पत्र्यांवर फेज येते. हे दिसलं तर त्याच दिवशी काढून घ्या.

१०. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डाला लावू का? लोड येईल की.

लावा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, लूपची वाट हातभर राहते मग विहिरींच्या पाण्यात फरकच उरत नाही. ६ अँपिअरचा चांगला बोर्ड म्हणजे १३८० वॅट, टीव्ही, एव्हीआर, सब मिळून घरगुती आवाजात त्याच्या जवळपासही जात नाहीत. इस्त्री त्याच बोर्डाला लावू नका म्हणजे झालं.

११. लॅपटॉपवरनं गाणी लावली की घुमतो, चार्जर काढला की गप्प. लॅपटॉप खराब आहे का?

नाही. चार्जर थ्री-पिन असेल तर प्रश्न ५, टू-पिन असेल तर प्रश्न ८. गाणी ब्लूटूथवरनं लावा नाहीतर पिक्चरपुरतं बॅटरीवर चालवा. डेस्कटॉप असेल तर आयसोलेटरशिवाय भागणार नाही, आणि माऊस हलवला की "चिर्रर्र" असा आवाज सबबरोबरच्या छोट्या स्पीकरमधनं येत असेल तर तोही त्याच वाटेनं येतोय.

१२. पाच मीटरची वायर टीव्हीमागच्या पट्टीतनं लाईटच्या वायरींबरोबर नेलीय, चालतंय ना?

दिसायला छान, ऐकायला वाईट. लाईटच्या वायरीला समांतर गेली की ती हम पकडते, त्यामुळं वितीभर तरी लांब न्या आणि जिथं ओलांडायचीच आहे तिथं फुलीसारखी काटकोनात ओलांडा. पांढऱ्या-लाल-पिवळ्या तीन वायरींचा जुना डीव्हीडीबरोबर आलेला झुबका सबला वापरू नका, त्यातल्या बऱ्याचशांत जाळीच्या नावाखाली चार केस असतात.

प्लगचं बाहेरचं कडं सैल झालं की परतीची तारच तुटते आणि मग हम नाही, हंबरडा फुटतो. असं एकदम मोठ्यांदा सुरू झालं असेल तर बाकी काही वाचू नका, प्लग हलवून बघा. पक्कडीनं कडं हलकंसं दाबलं की बऱ्याचदा काम होतं. जॅकवर हिरवट चढलं असेल तर प्लग चारपाच वेळा गोल फिरवा, साताऱ्याच्या पश्चिमेकडं चार महिने धुकं आणि पाऊस घेणाऱ्या घरांत हे दरवर्षीचं काम आहे.

१३. फॅन तीनवर केला की सब चर्र करतो, पाचवर केला की बंद. हे काय नवीन?

गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे ना? त्यात ट्रायॅक असतो, तो प्रत्येक लाटेचा तुकडा कापून देतो, आणि त्या कापाकापीची खरखर लाईटच्या वायरीवर पसरते. पाचवर कापायचं काम नसतं म्हणून शांत. खटके पडणारा कॅपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवा, विषय मिटला. लाईटचा डिमर असेल तर तोच प्रकार.

मोबाईल सबजवळ ठेवल्यावर "टिडिक टिडिक" येतं ते वेगळं, ते टूजीच्या फोनचं रेडिओ सिग्नल आहे. मोबाईल उचला.

१४. लाईट गेली की इन्व्हर्टरवर भयानक घुमतो, लाईट आली की काही नाही.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. लाईनची लाट गोल असते, ह्याची चौकोनी, आणि चौकोनी लाटेत ५० बरोबर १५०, २५०, ३५० असे सगळे भाऊबंद येतात. फॅन पण इन्व्हर्टरवर गुरगुरतो बघा, तोच हा आवाज. सबचा यात काही दोष नाही, साईन वेव्हचा घेतला तर जाईल, पण फक्त सबसाठी घेऊ नका, लाईट येईपर्यंत सब बंद ठेवला तर कुणी मरत नाही.

१५. ऑनलाईन काही शे रुपयांत ग्राउंड लूप आयसोलेटर दिसतोय. घेऊ का?

आधी प्रश्न २, ७, १० करून बघा, मग घ्या. त्या डबीत बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, सिग्नल चुंबकातनं पलीकडं जातो, तार जोडलेली नसते म्हणून लूप तुटतो, आणि अर्थ पिन जागेवर राहते. हाच बरोबर मार्ग आहे. पण स्वस्तातल्या डबीतला लोखंडाचा तुकडा इतका बारका असतो की खालचा बेस, ३०-४० हर्ट्झ, त्याच्यातनं जातच नाही, जोरात वाजवलं की फाटतो. म्हणजे सब घेतला बेससाठी आणि बेसच गाळून टाकला. ढोलाचा ठोका आधी आणि नंतर ऐकून बघा, पोकळ वाटला तर परत करा. मोठ्या कोअरचा महाग घ्यावा लागेल नाहीतर वायरलेस ॲडॉप्टर.

दुसरी वाट म्हणजे सबला स्पीकरच्या वायरीचं हाय-लेव्हल इनपुट असेल तर ते वापरणं. बऱ्याच घरांत त्यानं हम गेलाय. फक्त अँप ब्रिज पद्धतीचा (स्पीकरच्या दोन्ही तारांतनं सिग्नल पाठवणारा) असेल, क्लास डी चे बरेच छोटे अँप तसे असतात, तर त्याची काळी तार ग्राउंड नसते, ती कुठं ग्राउंडला टेकली तर अँप जळेल. आधी माहितीपत्रक वाचा.

१६. कोपऱ्यात बसलो की हम जास्त, खोलीच्या मधे उभारलो की जवळजवळ नाही. भूत आहे का?

भूत नाही, भिंती आहेत. ५० हर्ट्झची लाट हवेत साधारण ६.९ मीटर लांब असते, तिच्या निम्मी ३.४ मीटर, म्हणजे अकरा फूट आणि थोडंसं. आपल्या खोल्या किती असतात? दहा बाय बारा, अकरा बाय पंधरा. म्हणजे लाट बरोबर दोन भिंतींच्या मधे बसते, भिंतीपाशी फुगते आणि मधे विरते. त्यामुळं हम बरा झाला का नाही हे नेहमी एकाच जागी बसून ठरवा. सब कोपऱ्यातनं हलवल्यावर हम कमी झाला तर तो गेलेला नाही, फक्त तुम्हाला ऐकू येईना झालाय.

सबचा नॉब फुल्ल आणि एव्हीआरमध्ये सबची लेव्हल मायनस दहा, हे पण बऱ्याच जणांचं असतं. उलटं करा, नॉब निम्म्यावर आणि लेव्हल शून्याच्या आसपास, वायरीतला हम तेवढा कमी वाढवला जातो. सबच्या मागं फेज लिहिलेला खटका (लाईटच्या फेजचा नाही) इकडं तिकडं करून हमला काही होत नाही.

१७. कोनला हात लावला तर तो स्थिर आहे, पण डबा गुणगुणतोय.

ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरतायत, हा आवाज स्पीकरचा नाहीच. मागचे आणि ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू आवळा, खाली रबराचे वॉशर टाका. गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल आणि मधेच कधीतरी जोरात गुणगुणत असेल तर त्यावेळी घरात कुणी हेअर ड्रायर कमी उष्णतेवर लावलाय का बघा, काही ड्रायर अर्धीच लाट वापरतात आणि टोरॉइडला ते अजिबात सोसत नाही.

१८. आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर काढलाय नाट्यसंगीतासाठी, तो लावला की फक्त घूं.

प्लेयरच्या मागनं आरसीएबरोबर एक बारीक सुटी तार येत असेल, टोकाला यू आकाराची पट्टी. ती अँपच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला आवळा. बहुतेकजण ती फालतू समजून टेपनं गुंडाळून ठेवतात. तरी राहिला तर प्लेयर अँपच्या डोक्यावरनं खाली उतरवा, सुईमागची कॉईल ट्रान्सफॉर्मरचं चुंबक ओढून घेते.

१९. २०१९ च्या पुरात सब भिजला होता, वाळवून ठेवलाय. लावून बघू का?

तसाच लावू नका. कृष्णेचं पाणी नुसतं पाणी नव्हतं, गाळ होता, तो ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांत आणि बोर्डाच्या खाली बसलेला आहे आणि दमट दिवसात तो करंट वाहतो. लाकडाचा भुसा दाबून केलेली पेटी फुगून सैल झाली असेल, ती कामातनं गेली. कोन कागदी असेल तर तोही. उघडून ब्रशनं गाळ काढणं, बोर्ड धुणं, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) बघणं, हे सगळं केल्यावरच, आणि तेही सिरीजमध्ये बल्ब लावून. खर्च बघता स्पीकरचं चुंबक ठीक असेल तर तेवढं ठेवा आणि बाकी नवीन बांधा. २०२१ ला भिजलेल्यांनाही हेच.

२०. हम कधी येतो कधी जातो, सगळं करून बघितलं. आता काय?

वही घ्या आणि वेळ लिहा. मस्करी नाही. येणारा-जाणारा हम म्हणजे घरातलं नाहीतर शेजारचं काहीतरी चालू-बंद होतंय. वस्तीवर राहत असाल तर त्याच डीपीवरच्या विहिरीच्या मोटरी सुरू झाल्या की न्यूट्रलवर व्होल्टेज चढतं आणि सब बोलायला लागतो. एकदा कळलं की एकेक एमसीबी पाडून बघता येतं, कुठला पाडल्यावर गप्प होतो.

कराडच्या एका ताईंचा सब रोज सकाळी सहा ते साडेसात घुमायचा, नंतर दिवसभर शांत. त्यांना वाटलं सकाळी व्होल्टेज जास्त असतं म्हणून. वही लिहिली, आठ दिवस. रविवारी मात्र घूं आठला सुरू झालं. मी म्हटलं रविवारी उशिरा काय करता? म्हणाल्या, आंघोळ. गीझरचा एमसीबी पाडला, सब गप्प. एलिमेंटला बारीक चीर होती, पाण्यातनं अर्थच्या तारेत करंट गळत होता, आणि आरसीसीबी घरात नव्हता. एलिमेंट बदलला, आरसीसीबी बसवला. सबला आम्ही हातच लावला नाही.